नवा ड्रायव्हर, छोटा मालक आणि खिशातली वही

यंत्रमागाचा धंदा कसा चढतो आणि कसा बसतो, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. माग बंद पडला की घरातला एखादा मुलगा दुसऱ्या वाटेला लागतो. कोणी गॅरेजवर जातो, कोणी भंगाराच्या धंद्यात शिरतो, कोणी भाजीची गाडी लावतो. आणि ज्याला घराबाहेर राहण्याची भीती वाटत नाही, तो ट्रकवर चढतो.

ट्रकची नोकरी सोपी आहे, असा एक समज आहे. लायसन्स काढले, मालक गाठला, चावी हातात आली की पोटापाण्याचा प्रश्न मिटला! आम्ही मालेगाव आणि भिवंडी येथे काही ड्रायव्हर, दोन छोटे गाडीमालक आणि माल पाठवणारे काही व्यापारी यांच्याशी सविस्तर बोललो. त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. नवा ड्रायव्हर पहिल्या वर्षात टिकतो की बाहेर फेकला जातो, हे गाडी चालवण्याच्या कसबावर जितके ठरते, तितकेच हिशेबावरही ठरते. दोन-तीन गाड्यांच्या मालकाकडे सारा व्यवहार तोंडी चालतो, आणि तोंडी व्यवहारात वाद झाला की ज्याच्याजवळ काहीच लिहिलेले नसते तो बुडतो. अनेकदा तो नवा ड्रायव्हरच असतो.

चार खेपा आणि साडेपाच हजार रुपये

मालेगावचा एक २३ वर्षांचा तरुण आम्हाला भेटला. नाव छापू नका, असे त्याने सांगितले. अब्बा मागावर मजुरी करीत होते. शाळा सातवीला सुटली. दोन वर्षे एका उस्तादाच्या हाताखाली क्लिनर म्हणून काढली. गाडी धुतली, दोर आवळले, टायर बदलले, रात्री केबिनमध्ये उस्ताद झोपला की बाहेर बसून डिझेलची राखण केली. मग लायसन्स हातात आले आणि उस्तादाच्या ओळखीने तीन गाड्यांच्या एका मालकाकडे काम मिळाले. मालक हाजीसाहेब स्वतः बावीस वर्षे ड्रायव्हर होते. तीनपैकी दोन गाड्या कर्जाच्या.

करार झाला चहाच्या दुकानात. महिना १५,००० पगार, लाइनवर असताना रोजचा ३०० रुपये भत्ता. कागद नाही, सही नाही. "आपलाच मुलगा आहेस," असे हाजीसाहेब म्हणाले, आणि त्यांनी ते मनापासूनच म्हटले होते.

चौथी खेप जुलै महिन्यात होती. कोऱ्या कापडाच्या गाठी भिवंडीच्या एका गोदामात पोहोचवायच्या होत्या. ताडपत्री डाव्या कोपऱ्याला फाटलेली. तरुणाने मालकाच्या मुलाला सांगितले, "भाई, ही बदला." उत्तर मिळाले, "या खेपेला चालवून घे." इगतपुरीच्या पावसाची ख्याती सर्वांना ठाऊक आहे. भिवंडीत गाडी उघडली तेव्हा दोन गाठी भिजलेल्या निघाल्या. गोदामवाल्याने पोहोच पावतीवर तसा शेरा मारला. माल पाठवणाऱ्या पार्टीने बाकी भाड्यातून ११,००० रुपये कापले. हाजीसाहेबांनी त्यातले अर्धे, म्हणजे ५,५००, तरुणाच्या पगारातून कापले.

तरुण म्हणाला, मी सांगितले होते. मालकाचा मुलगा म्हणाला, मला आठवत नाही. दोघांपैकी कोण खरे बोलत होता, हे ठरवायला काहीच साधन नव्हते. तरुणाने चावी टेबलावर ठेवली आणि घर गाठले.

आठ दिवस तो घरी बसला. घरात आई, अब्बा आणि लग्नाची बहीण. इकडे हाजीसाहेबांची गाडीही आठ दिवस उभी राहिली, कारण दुसरा भरवशाचा ड्रायव्हर मिळेना. कर्जाचा हप्ता मात्र गाडी उभी आहे म्हणून थांबत नाही. शेवटी जुना उस्ताद मध्ये पडला. त्याने दोघांना समोर बसवले आणि एकच प्रश्न विचारला, "तुमच्यापैकी कोणी काही लिहून ठेवले आहे का?" दोघेही गप्प.

उस्तादाने मग तोडगा काढला. फाटकी ताडपत्री ही मालकाची चूक, म्हणून ४,००० परत द्यावेत. पण इगतपुरीला पाऊस सुरू झाल्यावर गाडी बाजूला घेऊन ताडपत्री आणि दोर तपासले नाहीत, ही ड्रायव्हरची चूक. म्हणून १,५०० त्याने सोसावेत. दोघांनी ते मान्य केले. तरुण पुन्हा कामावर गेला, पण जाण्यापूर्वी त्याने २० रुपयांची एक वही विकत घेतली. त्या वहीबद्दल आम्ही पुढे लिहिणारच आहोत.

छोट्या मालकाकडे काय मिळते, काय मिळत नाही

देशातल्या बहुतेक ट्रक एक, दोन किंवा चार गाड्यांच्या मालकांच्या आहेत. नव्या मुलाला मोठी कंपनी सहसा दारात उभी करीत नाही; ती दोन-तीन वर्षांचा अनुभव मागते. तो अनुभव देतो छोटा मालक. त्याच्याकडे स्टिअरिंग लवकर हातात येते. मालक बहुधा स्वतः ड्रायव्हर राहिलेला असतो. त्यामुळे भाडे कसे ठरते, दलाल काय घेतो, पासिंगला काय लागते, कोणत्या गॅरेजवाल्यावर विश्वास ठेवावा, हे सारे कानावर पडते. ज्याला उद्या स्वतःची गाडी घ्यायची आहे, त्याच्यासाठी याहून चांगली शाळा नाही. घरात निकाह असो की मय्यत, मालकाला माणूस म्हणून सांगता येते.

पण दुसरी बाजूही आहे. पगाराची चिठ्ठी मिळत नाही. भविष्य निर्वाह निधीचा कायदा साधारणपणे २० माणसांच्या आस्थापनेपासून लागू होतो, तेव्हा तीन गाड्यांच्या मालकाकडे त्याचा प्रश्नच येत नाही. १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा झाला. त्यात दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली. परंतु तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या मालकांसाठी होता. छोट्या मालकाचा ड्रायव्हर तेव्हाही या छत्रीच्या बाहेरच उभा राहिला.

आणखी एक गोष्ट. नव्या ड्रायव्हरला सर्वांत जुनी गाडी मिळते. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. पण त्या गाड्या आपल्या नव्या मुलाच्या वाट्याला यायला बरीच वर्षे लागतील. त्याला मिळेल ती तापलेल्या इंजिनाची, खिडकीची काच अडकणारी गाडी. याचे वाईट वाटून घेऊ नये. जुनी गाडी बरेच काही शिकवते.

कागद आधी, चावी मग

पहिला कागद लायसन्सचा. जड मालवाहू गाडीसाठी वय २० पूर्ण हवे, आणि हलक्या वाहनाचे लायसन्स घेऊन किमान एक वर्ष झालेले हवे. आठवी पास असण्याची जी अट होती, ती केंद्र सरकारने २०१९ साली काढून टाकली. शाळा अर्धवट सुटलेल्या आपल्या अनेक मुलांना ही गोष्ट अजून माहीत नाही आणि ती विनाकारण दलालाला पैसे देऊन बसतात. लायसन्सची मुदतही त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने तीनऐवजी पाच वर्षांची झाली.

छोटी टेम्पो-पिकअप चालवणाऱ्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा नोव्हेंबर २०२४ चा निकाल महत्त्वाचा आहे. मालासह एकूण वजन साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, असे न्यायालयाने सांगितले. त्यापुढच्या गाडीला हात लावायचा असेल तर लायसन्सवर तशी नोंद हवीच. नोंद नसताना अपघात झाला, तर विमा कंपनी हात झटकण्याचा प्रयत्न करते आणि मालक व ड्रायव्हर दोघेही अडचणीत येतात.

चावी घेण्यापूर्वी गाडीचे कागद स्वतःच्या डोळ्यांनी पाहावेत. आरसी, पासिंग, परमिट, इन्शुरन्स, पीयूसी. प्रत्येकाची मुदत वहीत लिहून घ्यावी. अस्सल कागद मालकाकडे राहिले तरी हरकत नाही. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवरचे कागद दाखवता येतात. इन्शुरन्स पाहताना एक प्रश्न न लाजता विचारावा, "शेठ, यात पगारी ड्रायव्हरचा हप्ता भरला आहे का?" रक्कम किरकोळ असते, पण भरली नसेल तर हातपाय मोडल्यावर त्याची किंमत कळते. कामावर असताना कामगाराला इजा झाली तर मालकाने भरपाई द्यावी, हे तत्त्व आपल्या कायद्यात १९२३ पासून आहे आणि मालक छोटा म्हणून ते सुटत नाही.

शिवाय स्वतःच्या बँक खात्यावरून पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचे अपघात संरक्षण मिळते. लाइनवर फिरणाऱ्या माणसाने ते घेऊन ठेवावे.

माल भरल्यावर बिल्टी, बिल आणि ई-वे बिल हातात आल्याशिवाय गाडी हलवू नये. ई-वे बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस, अशी आहे. मालेगाव-भिवंडी सुमारे अडीचशे किलोमीटर. म्हणजे दोन दिवस. वाटेत गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत टाकावा लागला, तर नवीन गाडीचा नंबर त्या बिलावर चढवून घ्यावा लागतो. "मला काय, मालकाचे काम आहे," असे म्हणून चालत नाही. रस्त्यात गाडी अडवली जाते तेव्हा तिथे मालक नसतो, ड्रायव्हर असतो.

ओव्हरलोडबद्दलही तसेच. जुलै २०१८ मध्ये वजनाच्या मर्यादा वाढल्या. तीन ॲक्सलच्या दहा चाकी गाडीची मर्यादा मालासह २५ वरून २८.५ टन झाली. तरीही "अजून दोन टन टाक" म्हणणारे कमी झाले नाहीत. कायद्यात ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० असा आहे, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. वजनकाट्याची पावती घ्यावी, तिचा फोटो मालकाला पाठवावा आणि मगच निघावे.

पहिले सहा महिने

जुन्या ड्रायव्हरांनी आम्हाला जे सांगितले ते थोडक्यात असे.

सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी तिच्याभोवती एक फेरी मारावी. टायर थंड असताना हवा पाहावी. मागच्या जोड टायरमध्ये दगड अडकला असेल तर काढावा. टॉमीने टायरवर ठोकून आवाज ऐकावा. हवा कमी असलेला टायर वेगळाच बोलतो. खाली तेलाचा किंवा पाण्याचा डाग आहे का, ते बघावे. या फेरीला पाच-दहा मिनिटे लागतात. रात्री दोन वाजता रस्त्याच्या कडेला टायर बदलायला दोन तास लागतात, आणि मागून येणाऱ्या गाडीचा धोका वेगळा.

माल भरून निघाल्यावर वीस-पंचवीस किलोमीटरवर एकदा थांबावे. हादऱ्यांनी माल बसतो आणि दोर सैल पडतात. ते पुन्हा आवळावे लागतात. पाऊस सुरू झाला की परत एकदा पाहावे. आमच्या त्या तरुणाचे १,५०० रुपये याच एका गोष्टीसाठी गेले.

नाशिककडून मुंबईकडे उतरताना कसारा घाट लागतो. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि बोगद्यातून थेट भिवंडीजवळ उतरण्याची सोय झाली. तरी आम्ही भेटलेले छोटे मालक टोलचा हिशेब करून जुन्याच घाटाने गाडी पाठवतात. घाटाचा नियम जुना आणि साधा आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नये. गाडी नुसत्या ब्रेकवर धरली की ड्रम तापतात आणि तापलेला ब्रेक ऐनवेळी धरत नाही. इंजिन बंद केले तर ब्रेकला लागणारी हवा भरायची थांबते आणि पॉवर स्टिअरिंग दगडासारखे होते. घाटाच्या माथ्यावर थांबून हवेचा काटा पाहावा, मगच गाडी खाली घालावी. वाचलेल्या अर्ध्या-एक लिटर डिझेलपायी माणसे गेलेली आहेत.

झोपेबद्दल सर्वांचे एकमत दिसले. पहाटे दोन ते पाच ही वेळ सर्वांत वाईट. चहा, तंबाखू, मोठ्या आवाजातली गाणी, यांनी झोप जात नाही, फक्त लांबते. डोळा एकदा जरी लागला तरी गाडी ढाब्यावर घ्यावी, मालकाला फोन करावा आणि झोपावे. रमजानमध्ये रोजा धरून दिवसभर स्टिअरिंगवर बसणाऱ्यांनी तर विशेष जपावे. मुसाफिराला रोजा पुढे पूर्ण करण्याची सवलत शरिअतने दिली आहे, याची आठवण एका बुजुर्ग ड्रायव्हरने आवर्जून करून दिली. आपल्या झोपेची किंमत रस्त्यावरच्या परक्या माणसाने मोजावी, हे कोणत्याच हिशेबात बसत नाही.

मालक "पोहोच पाहिजेच" म्हणून दटावत असेल तर काय करावे? एका जुन्या ड्रायव्हरने छान उत्तर दिले. तो म्हणाला, "मालकाला उशीर झाल्याचा राग चार तास राहतो. गाडी उलटल्याचा राग चार वर्षे राहतो."

खेपेची वही

आता त्या वहीकडे वळू. खिशात मावेल एवढी ती आहे. पहिल्या पानावर ठरलेल्या गोष्टी लिहिल्या आहेत. पगार किती, भत्ता किती, पगाराची तारीख कोणती, सुट्टी कशी, उचल घेतली तर कशी फिटेल, पंक्चरचा खर्च कोणाचा, दंड कोणत्या कारणाचा कोणाकडे. खाली दोघांच्या सह्या. हाजीसाहेबांनी सही करताना प्रथम कपाळाला आठ्या घातल्या, मग म्हणाले, "बेटा, हे आधीच करायला हवे होते."

पुढे दर खेपेला एक पान. वर तारीख, गाडी नंबर, कोठून कोठे, नग किती, निघतानाचे किलोमीटर. त्याखाली गाडीचे दोष. "ताडपत्री डावा कोपरा शिवला, ठीक." "मागचा उजवा बाहेरचा टायर गुळगुळीत, शेठला फोनवर सांगितले, सकाळी ९." सांगितलेली गोष्ट तो लिहितो आणि फोटो काढून मालकाला पाठवतो. आता कोणी "आठवत नाही" म्हणत नाही.

मग खर्च. एका खेपेचे पान आम्ही पाहिले. खर्ची मिळाली ५,०००. वराई व हमाली १,४००, पंक्चर २५०, हवा व ग्रीस १५०, पार्किंग १००, दोन दिवसांचा भत्ता ६००. एकूण २,५००. शिल्लक २,५०० परत, मालकाची सही. डिझेल १०० लिटर, गाडी चालली ५०० किलोमीटर, ॲव्हरेज ५. टोल फास्टॅगमधून परस्पर जातो, तो मालकाच्या मोबाइलवर दिसतो.

हे पान जितके ड्रायव्हरच्या कामाचे आहे तितकेच मालकाच्याही. ॲव्हरेज ५ वरून ४ वर आले तर ५०० किलोमीटरला २५ लिटर जादा लागतात. वही नसेल तर मालकाच्या मनात पहिला संशय चोरीचा येतो. वही असेल तर मागच्या दहा खेपांचे आकडे समोर असतात, आणि अशा आकड्यांनीच या तरुणाला एकदा वाचवले. ॲव्हरेज अचानक पडले, तेव्हा मालकाने आधी गाडी गॅरेजला पाठवली. ब्रेक चिकटत होते.

पगारातून कापण्याबद्दलही नियम आहे. नुकसान कामगाराच्या हयगयीने झाले असेल तरच त्याची कपात करता येते, आणि त्याआधी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. वेतनाच्या १९३६ च्या कायद्यापासून हे चालत आले आहे. छोट्या मालकांनी हे लक्षात ठेवावे. पार्टीने भाडे कापले म्हणून आपोआप ड्रायव्हरचा पगार कापता येत नाही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, ही ताकीद तर सूरह बकरामध्येच आहे. आपण ती दुकानाच्या खातेवहीपुरती पाळतो आणि ड्रायव्हरच्या बाबतीत विसरतो.

अपघात झाला तर

हा विषय कोणाला आवडत नाही, पण टाळून चालणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीला दवाखान्यात पोहोचवण्यासाठी शक्य ते सारे करणे हे ड्रायव्हरचे कर्तव्य आहे. जमाव खवळला असेल आणि थांबणे अशक्य असेल, तर त्याची मुभा कायद्यानेच दिली आहे. पण अशा वेळी जवळच्या पोलीस ठाण्यात लवकरात लवकर, फार तर २४ तासांच्या आत, स्वतः जाऊन खबर द्यावी लागते. जीव वाचवून ठाण्यात जाणे आणि पळून जाणे, यांत फार मोठा फरक आहे.

जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला देशभरातल्या ड्रायव्हरांनी नव्या न्याय संहितेतील दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या तरतुदीविरुद्ध गाड्या उभ्या केल्या, हे वाचकांना आठवत असेल. सरकारने चर्चेचे आश्वासन दिले. १ जुलै २०२४ पासून संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवले गेले. तरीही भीतीने पळण्याचा सल्ला कोणी देत असेल तर ऐकू नये. ११२ वर फोन करावा, मालकाला कळवावे, गाडीच्या आणि जागेच्या फोटोंची नोंद ठेवावी.

माल पाठवणाऱ्यांना दोन शब्द

आमच्या वाचकांत ड्रायव्हरांपेक्षा व्यापारी आणि कारखानदार अधिक आहेत, म्हणून हेही लिहिणे भाग आहे. गाडी दारात उभी असते आणि आपण म्हणतो, "उद्या खाली करू." त्या उद्याचा भत्ता कोण देतो? मालक म्हणतो पार्टी देईल, पार्टी म्हणते दलाल देईल, आणि ड्रायव्हर दोन दिवस केबिनमध्ये स्वयंपाक करून खातो. गाडी किती तासांत खाली होईल आणि त्यापुढे हॉल्टिंग किती, हे बिल्टीवर आधीच लिहावे.

गोदामात ड्रायव्हरला वजू करायला, तोंड धुवायला पाणी आणि शौचालय मिळत नाही, ही तक्रार आम्हाला जवळजवळ प्रत्येकाने केली. याला फार खर्च येत नाही. माल नगाला मोजून द्यावा, मोजून घ्यावा आणि पोहोचेवर खरा शेरा मारावा. नग कमी आले तर त्याच वेळी, ड्रायव्हरसमोर सांगावे. महिन्याने बाकी भाडे देताना नव्हे. आणि बाकी भाडे वेळेवर द्यावे. आपण अडवलेले दहा हजार मालकाकडे थांबत नाहीत. ते खाली घरंगळत ड्रायव्हरच्या पगारावर येऊन पडतात, आणि तो घाम गाळून मोकळा झालेला असतो.

वही भरत आली

तो तरुण आता त्याच मालकाकडे दीड वर्ष काढून आहे. मागच्या महिन्यात हाजीसाहेबांनी त्याला जुन्या गाडीवरून उतरवून दुसऱ्या, जरा बऱ्या गाडीवर बसवले. बहिणीच्या लग्नासाठी त्याने २५,००० उचल घेतली. ती वहीत लिहिलेली आहे आणि दरमहा २,५०० प्रमाणे फिटत आहे. स्वतःची गाडी घेणार का, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "घ्यायची आहे, पण आत्ता नाही. हाजीसाहेबांच्या गाडीचा सगळा खर्च मी लिहितो, त्यामुळे गाडी किती खाते ते मला कळले आहे."

हाजीसाहेबांनी बाकी दोन ड्रायव्हरांनाही वह्या घेऊन दिल्या आहेत. भिवंडीहून सुताची पोती भरून तो परत निघत होता तेव्हा आम्ही त्याचा निरोप घेतला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, टॉमीने सहाही टायर ठोकले, पोती मोजली आणि बिल्टीशी आकडा जुळतो का ते पाहिले. मग खिशातून वही काढून किलोमीटर लिहिले, बिस्मिल्ला म्हणून चावी फिरवली आणि गाडी रस्त्याला लागली.